फोन आपोआप लागत नाही, असं मी म्हणालो

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो. या अंकाचे संपादक तीन दिवाळ्यांपासून मागे लागले आहेत. "चाचा, मोबाईल दुरुस्तीच्या गमतीजमती लिहा, लोक आवडीनं वाचतील." पहिल्या वर्षी मी डोळ्याचं ऑपरेशन पुढे केलं. दुसऱ्या वर्षी नातवाच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं, जसं काही परीक्षा मलाच द्यायची होती. तिसऱ्या वर्षी चार पानं लिहिली आणि फाडली. त्या पानांत सगळी गिऱ्हाइकं होती, फक्त एक मुलगी नव्हती. यंदा तिच्यासकट लिहितो. मला एकाहत्तर पूर्ण झाली आहेत, हात कापतो, स्क्रू धरता येत नाही. पेन अजून धरता येतं.

पाथर्डीत एसटी स्टँडजवळ माझं दुकान होतं. आधी घड्याळं, मग रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, आणि शेवटची सोळा वर्षं मोबाईल. धंदा तोच, वस्तू लहान-मोठ्या होत गेल्या. दुकानावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'पडलेला फोन उभा करून मिळेल.' लोक ती वाचून हसायचे आणि आत यायचे. त्या पाटीचा मला फार अभिमान होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्या पाटीपायी झालं.

आमचा तालुका कोरडा. दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ती माणसं परतली की माझा हंगाम सुरू व्हायचा. पाच महिने उसाच्या फडात, ट्रॉलीवर, बैलगाडीत, दगडगोट्यांत पडलेले फोन एकदम दुकानात यायचे. कुणी रबरानं बांधलेला, कुणी चिकटपट्टीनं, एकदा तर एकानं चिंधीत गुंडाळून वर हळद लावून आणलेला. मी विचारलं, हळद कशाला? तो म्हणाला, "जखमंला लावत्यात ना."

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. फोन कधी पडत नाही. म्हणजे पाडणारा तसं कधी सांगत नाही. "पडला न्हाई चाचा, नुसता टेकला." "ठेवला हुता, सकाळी बगतो तर असा." "पोरानं काय केलं म्हाईत न्हाई." एक मुकादम होते, भारदस्त माणूस, शपथेवर सांगत होते की त्यांचा फोन खिशातून बाहेरच आला नाही. मी फोनच्या खालची आवाजाची जाळी उघडली, चिमट्यानं मुरमाचा खडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "मग हा पाहुणा खिशात राहायला आला होता का?" दुकानातली सगळी माणसं हसली. मुकादमही हसले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्यापुढं खोटं चालत न्हाई." असं कुणी म्हणालं की मला दिवसभर बरं वाटायचं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फोन आपटला आणि काच फुटली तर ते उलट बरं. घाव दिसतो, काच बदलली की काम झालं. वाईट तो फोन, ज्याला वरून ओरखडाही नाही. आपटण्याचा धक्का कुठे तरी जातोच. काचेनं घेतला नाही तर तो आत जातो. आतल्या पट्टीवर, म्हणजे बोर्डावर, ज्या काळ्या चिपा असतात त्या खाली बारीक कथलाच्या टिपक्यांवर उभ्या असतात. एखादा टिपका तडकतो. मग अंगठ्यानं दाबलं की फोन चालू, सोडलं की बंद. एका शिक्षकांचा फोन असा होता. नवा बोर्ड मिळेपर्यंत त्यांनी झाकणाच्या आत कागदाची घडी दाबून बसवली आणि दोन आठवडे काढले. घडी कशाची, तर मुलांच्या उत्तरपत्रिकेची. "नापासाचा पेपर आहे, त्याचाही उपयोग झाला," म्हणाले.

एका बाईच्या फोनचा कानाजवळचा आवाज पडल्यावर गेला होता, फक्त मोठ्या आवाजावर बोलता यायचं. फडात दुरुस्ती कुठली? चार महिने ती सगळ्या टोळीच्या देखत मोठ्या आवाजावर बोलली. मला म्हणाली, "चाचा, लवकर करा. माज्या सासूचं पोटाचं दुखनं आता सगळ्या टोळीला पाठ झालंय. मानसं मला इचारत्यात, आज कसं हाय?"

आणि एक बिघाड असा, ज्यात फोन स्वतःच चालू लागतो. आपटल्यावर फोनची चौकट, आम्ही फ्रेम म्हणतो, केसभर वाकते. डोळ्याला दिसत नाही. त्या वाकलेल्या फ्रेममध्ये नवी काच बसवली की तिच्या एका कोपऱ्यावर कायमचा दाब राहतो. काचेला वाटतं, कुणाचं तरी बोट लागलंय. मग फोन कुणीही हात न लावता उघडतो, अक्षरं टाईप करतो, नंबर लावतो. थंड असताना नीट चालतो. चार्जिंगला लावला, तापला, की सुरू होतो. आणि दाब एकाच जागी असल्यामुळे फोन पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट ठेवतो. शेवटच्या फोनांच्या यादीत त्या जागी ज्याचं नाव असेल त्याला फोन जातो, आणि गेला की ते नाव तिथेच राहतं. म्हणजे परत त्यालाच.

यावर उपाय अवघड नाही. फ्रेम रिकामी करून सपाट काचेवर पालथी ठेवायची, ट्यूबलाईटसमोर डोळा लावून बघायचं. खालून उजेडाची रेघ दिसली तर फ्रेम वाकली आहे. लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं सरळ करायची, परत बघायची, परत दाबायची. अर्धा-पाऊण तास जातो. प्रत्येक फोनला मी हे करायचो. बाजाराच्या दिवशी गर्दी असली की कधी कधी सोडून द्यायचो.

ती मुलगी बाजाराच्या दिवशी आली. तिला सविता म्हणू, खरं नाव वेगळं आहे. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. पोरगी नगरला नर्सिंग शिकत होती, दुसरं वर्ष संपत आलं होतं. त्यांच्या घरातली शिकलेली ती पहिलीच. तिनं फोन पुढे ठेवला आणि मी सवयीनं विचारलं, "काय, टेकला का?"

"न्हाई चाचा, पडला. माज्याच हातनं. एसटीतनं उतरताना. खाली दगड हुता, त्याच्यावर आपटला, ह्या कोपऱ्यावर."

तिनं कोपरा बोटानं दाखवला. इतक्या वर्षांत पहिल्याच दिवशी, खोदून न विचारता, पूर्ण खरं सांगणारं हे एकच गिऱ्हाईक मला आठवतं. मी म्हणालोही, "पोरी, असं खरं सांगितलं की आमचं अर्धं काम होतं."

मग काम सोपं झाल्यासारखं मी ते पटकन उरकलं. कोपरा तिनं दाखवला होता, तरी फ्रेम काचेवर ठेवली नाही. दुकानात बारा-पंधरा माणसं उभी होती, तिला चारची गाडी गाठायची होती. नवी काच बसवली, रबर लावून दाबली, दिली. ती "चाचा, लई उपकार" म्हणून गेली.

दीड-एक महिन्यानं, परत बाजाराच्याच दिवशी, ती आली. या वेळी सोबत तिचे वडील आणि चुलते होते. वडिलांना सगळे तात्या म्हणत, चुलत्यांना नाना. तात्या गरीब, खाली बघून बोलणारे. नाना घरातला कर्ता माणूस, आवाज मोठा. सविता दोघांच्या मागे उभी होती. डोळे सुजलेले.

नानांनी फोन टेबलावर टाकला. "चाचा, तुमी ह्यातलं जानकार. एक इचारतो, खरं सांगा. फोन आपोआप लागतो का?"

मी म्हणालो, झालं काय?

झालं होतं असं. सविता सुट्टीला घरी आली होती. फोन चार्जिंगला लावून झोपली होती. पहाटे फोन वाजला, नानांनी उचलला, तर पलीकडून एक मुलगा म्हणाला, "अगं, तुझा फोन का येतोय सारखा?" नानांनी यादी उघडून बघितली. त्याच मुलाला एका आठवड्यात चाळीसच्या वर फोन. सगळे रात्रीचे. मुलगा तिच्या वर्गातला. सविता सांगत होती की तो वर्गाचा मॉनिटर आहे, तासाच्या वेळा कळवतो, तेवढाच नंबर वर होता. फोन तिनं लावलेच नाहीत, फोन आपला आपणच लावतो.

"शिकलेली पोर," नाना म्हणाले, "आमाला अडान्याला सांगती, फोनला हात फुटलेत म्हनून."

सविता मागून म्हणाली, "चाचा, तुमीच सांगा. चार्जिंगला लावला की करतो. तापला की करतो. लावून बगा."

ते शब्द ऐकताच मला कळलं. शपथेवर लिहितो, त्या क्षणी कळलं. मी फोन हातात घेतला आणि अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरवला. काच तिथे नखाच्या टोकाएवढी वर आली होती. मी चार्जर लावला. फोन माझ्या हातात होता, पडदा माझ्याकडे. टेबलाच्या पलीकडून कुणाला दिसत नव्हता. मिनिट गेलं, दोन गेली. दुकानातून कुणी हलत नव्हतं. लोकांना असल्या गोष्टीत रस असतो. मग पडदा थरथरला. फोनांची यादी आपोआप उघडली. एका नावावर, कुणी बोट न लावता, निळी छटा उमटली.

मी चार्जरची पिन ओढली. पडदा शांत झाला.

"दिसलं का काई?" नानांनी विचारलं.

मी म्हणालो, "फोन आपोआप लागत नाही."

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे झालं असतं. पण सगळं दुकान बघत होतं, म्हणून वर म्हणालो, "निदान माझ्या हातून गेलेला तरी नाही."

कुणी तरी मागे हसलं. तात्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. सविता रडली नाही. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी कुणाचं खोटं पकडलं की माणसं ज्या नजरेनं माझ्याकडे बघायची, ती नजर मला ओळखीची होती. ही तशी नव्हती. ही नजर खोटं पकडणाऱ्याची होती.

मी असं का केलं, याची कारणं पुढे मी स्वतःला पुष्कळ दिली. नाना तापट होते, दुकान फोडतील अशी भीती वाटली, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नाही. नाना रागीट होते, पण माझ्याशी अदबीनंच बोलत होते. मुद्दा एवढाच होता की फोन आपोआप लागतो म्हटलं, तर पुढचा प्रश्न आला असता: का लागतो? आणि त्याचं उत्तर होतं, चाचांनी फ्रेम बघितली नाही. ते उत्तर मला बाजाराच्या दिवशी पंधरा माणसांत द्यायचं नव्हतं. पाटीखाली बसून द्यायचं नव्हतं. बायको ऐकून घेऊन म्हणाली, "तुमची पाटी राहिली. पोरीचं काय राहिलं?" त्यावर मी जेवण सोडून उठलो.

सविता नगरला परत गेली नाही. तिचं एक वर्ष राहिलं होतं. स्टँडवरच्या चहावाल्याकडून कळलं की पोरीला स्थळ बघताहेत. मग कळलं, जमलं. दसऱ्याच्या आत उरकायचं, म्हणजे नवरा-नवरी जोडीनं ऊसतोडीला जातील. जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. एक बाप्या, एक बाई मिळून एक कोयता.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा नाना एकटे दुकानात आले. भर दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी तोच फोन टेबलावर ठेवला. पोरीला आता फोन कशाला म्हणून तो त्यांनीच वापरायला घेतला होता.

"चाचा," आवाज हळू होता, "काल ह्याच्यावरनं व्याह्याला नऊ फोन गेले. सकाळी व्याह्याचा फोन. काय नाना, काय अडचन हाय का म्हनून. मी तर झोपलो हुतो. फोन चार्जिंगला हुता."

मी टेबलावरचा पेचकस उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. नानाही बघत राहिले, आधी पेचकसाकडे, मग माझ्याकडे. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. मोठ्या आवाजाचा माणूस असा आतून खचताना मी पहिल्यांदा बघितला.

"म्हंजी पोरगी…" ते म्हणाले आणि थांबले.

तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. लग्नाला अजून आठ दिवस होते. मी म्हणालो, "नाना, फ्रेम वाकली आहे. माझ्याकडून बघायची राहिली."

ते स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात चाचा. मांडवाचं सांगून झालंय. आता कुनाच्या तोंडाला हात लावायचा?" उठताना म्हणाले, "नीट करून ठिवा. सांजंला नेतो. आन् कुनाला बोलू नगा. तुमी बी न्हाई, मी बी न्हाई."

मी फ्रेम काचेवर पालथी ठेवली. ट्यूबलाईटच्या उजेडात डोळा लावला. खालून उजेडाची रेघ अशी आरपार दिसत होती की आंधळ्यालाही दिसावी. लाकडी ठोकळ्यानं सरळ करायला वीस मिनिटं लागली. वीसच मिनिटं. मी घड्याळात बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी जीपनं तिच्या गावाला निघालो. ठरवून निघालो होतो. तात्यांना सांगायचं, पोरीला सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो. फाट्यावर उतरलो. गाव तिथून पाऊण मैल. फाट्यावर चहा घेतला. वाटेनं मांडवाचे बांबू घेऊन बैलगाडी गावाकडे चालली होती. गाडीवाल्यानं विचारलं, "चाचा, लग्नघरी यायचं का? बसा." मी म्हणालो, नाही, दुसरीकडे काम आहे. आणखी एक चहा घेतला आणि परतीच्या जीपमध्ये बसलो. लोक म्हणतात, मी माणूस ओळखतो. त्या दिवशी मी स्वतःला ओळखलं.

पाटी मी महिन्याभरानं उतरवली. का, असं सगळ्यांनी विचारलं. ऊन-पावसानं रंग गेला, असं सांगितलं. त्यानंतर एकही फोन काचेवर ठेवल्याशिवाय दिला नाही. लोक कंटाळायचे, उठून दुसऱ्या दुकानात जायचे. जाऊ दिलं. याला प्रायश्चित्त म्हणत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातलं काहीही मिळालं नाही.

दुकान बंद करायच्या आधीचा शेवटचा उन्हाळा. टोळ्या परतल्या होत्या. एक जोडपं आलं. पुरुषानं फोन पुढे केला, "पडला न्हाई चाचा, नुसता टेकला."

मागून बाई म्हणाली, "पडलाय. ट्रॉलीवरनं. ह्या कोपऱ्यावर."

मी मान वर केली. सविता होती. रापली होती, वाळली होती. कोपरा दाखवणाऱ्या बोटावर उसाच्या पाचटानं कापलेल्या रेघाच रेघा. त्या हातात इंजेक्शनची सुई असायची होती.

"दोन तास लागतील," मी म्हणालो.

"दोन तास?" नवरा म्हणाला. "पलीकडचा अर्ध्या तासात देतो."

"बसा की," सविता त्याला म्हणाली. "चाचा आता नीट बगत्यात वाटतं."

ते दोन तास बसले. मी फ्रेम काचेवर ठेवली, सरळ केली, परत ठेवली. नवरा मधे तंबाखू आणायला उठला, चार-पाच मिनिटं बाहेर होता. त्या चार-पाच मिनिटांत दुकानात आम्ही दोघंच होतो. ती भिंतीकडे बघत होती, जिथे पूर्वी आतल्या बाजूनं पाटीचे खिळे दिसायचे. मी तोंड उघडलं. म्हणालो, "पाणी घेतेस का, पोरी?"

"नगं," ती म्हणाली.

नवरा परत आला. मी फोन चार्जिंगला लावून पडदा या वेळी तिच्याकडे करून ठेवला. अर्धा तास तो तसाच राहिला, शांत. कशालाच आपोआप हात लावला नाही. मग मी तो तिच्या हातात दिला.

तिनं विचारलं, "आता आपोआप न्हाई ना लागायचा?"

नवरा मोठ्यानं हसला. "येडी हाय ही. फोन काय आपोआप लागतोय व्हय?"

ती हसली नाही. माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती. नवऱ्यासमोर जुनी गोष्ट काढली तर तिला आणखी त्रास होईल, असं मला वाटलं. वाटलं ते खरंही असेल. पण मला ओळखणाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवू नये.

मी म्हणालो, "नाही. नाही लागायचा."

तिनं मान हलवली, पदर सारखा केला, आणि दोघं स्टँडकडे गेली.

नाना गेल्या वर्षी वारले. तात्या कुठे असतात माहीत नाही. माझी बायको सोडली तर आता ही गोष्ट मला आणि तिला, दोघांनाच माहीत आहे, आणि तिच्या बाजूनं बोलू शकणारा मी एकटाच उरलो आहे. हा अंक तिच्यापर्यंत जाईल असं वाटत नाही. दिवाळीत ती फडात असते. तरी तेव्हा पाण्याऐवजी जे विचारायचं, जे बोलायचं होतं, ते इथे लिहून ठेवतो.

पोरी, तुझा फोन आपोआप लागत होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि पिन ओढली. तू पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतीस. खोटं मी बोललो. मला माफ कर.